गणित हिचं, नावही हिचंच

रविवारची प्रार्थना आटोपली आणि चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पडदा लागला. अमेरिकेतल्या हॅम्प्टन गावच्या या हॉलमध्ये एरवी तळलेल्या मासळीची पंगत बसते; आज ताटं बाजूला ठेवून सगळे सिनेमाला बसले. सिनेमा आमच्यातल्याच एका बाईवर होता ना! अर्डेलिया टाइन्स, वय वर्षं एक्याण्णव, जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती. विमानांच्या प्रयोगशाळेत तिनं तीस वर्षं आकडेमोड केली. त्यातली पहिली कित्येक वर्षं काळ्या बायकांची खोली वेगळी, जेवणाचं टेबलही वेगळं.

"आई, आता बघ हं," तिची मुलगी रोवेना कुजबुजली. पटकथा वाचून होकार दिला होता तो रोवेनानंच.

पडद्यावरच्या गोऱ्या साहेबानं अहवाल उचलला. त्यावर अर्डेलियाचं नाव नाही हे पाहून त्याचा पारा चढला. टेबलावर मूठ आपटून तो गरजला, "गणित हिचं, तर नावही हिचंच!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. अर्डेलिया मात्र लेकीकडं वळली. हे वाक्य व्हर्नेल स्प्रॅटलीचं होतं, तिच्या शेजारी बसून काम करणाऱ्या मैत्रिणीचं. आणि ते तिनं याच साहेबाला सुनावलं होतं.

"यात व्हर्नेल कुठाय?"

"हळू बोल ना आई, लोक बघताहेत."

"बघू देत! तिच्या मांडीवर वाढलीस तू. तुला सगळं ठाऊक होतं."

"सिनेमावाल्यांना एक तरी भला गोरा माणूस हवा होता. नाहीतर सिनेमा निघालाच नसता."

"नसता निघाला तर नसता!"

सिनेमा संपला. पास्टर गॅडी हसतमुखानं माईक घेऊन आले. "टाइन्स आजी, आनंदाचा दिवस आहे. चार शब्द बोला."

अर्डेलिया उठली.

"त्या साहेबानं माझं नाव लिहिलं नाही, खोडलं. व्हर्नेल माझ्यासाठी भांडली, म्हणून त्याच आठवड्यात तिला घरी बसवलं. ती जाताना साहेबानं मला विचारलं, 'तुझंही हेच म्हणणं आहे का?' मी म्हणाले, 'नाही, सर.' पदरात दोन पोरं होती माझ्या. गणितात माझ्याहून तल्लख बाई ती. मरेपर्यंत दुसऱ्यांच्या फरश्या पुसत राहिली."

पास्टर चाचरत म्हणाले, "आजी, बोलून मन हलकं झालं असेल..."

"नाही झालं. रोवेना, सिनेमावाल्यांनी शुक्रवारी ठेवलेल्या माझ्या सत्काराला मी येत नाही म्हणून कळव. सिनेमात व्हर्नेल येईल तेव्हा येईन."

रोवेनाला रडू फुटलं. "मी तुझं नाव जगापुढं आणलं, आई. माझं काय चुकलं?"

अर्डेलियानं लेकीकडं पाहिलं. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"साहेबानं तिची नोकरी घेतली. मी तिची साथ सोडली. तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एक वाक्यच काय ते उरलं होतं. तेही तू त्याला देऊन टाकलंस."