पिवळीच्या पाठीवरची तीन वर्षं

मी हे बोलतोय ते एका खिडकीतून. पूर्वी मी एका पक्ष्याच्या पाठीवरून बोलायचो, तेही थेट वरच्या उपग्रहाशी. माणसांशी बोलायची ही माझी पहिलीच खेप, तेव्हा सांभाळून घ्या.

आकाराने मी काडेपेटीहून लहान. पाठीवर उन्हावर चालणारी काचेची पट्टी, मागे शेपटीसारखी बारीक तार. माझं काम एकच, मी कुठे आहे ते दिवसातून चार-सहा वेळा वर कळवायचं. कारखान्यात मला आधी बर्फात गोठवलं, मग खाऱ्या पाण्यात बुडवलं, मग टेबलावरून खाली टाकलं. इतकं सोसूनही मी चालू राहिलो, तेव्हा माझ्या पोटावर 'पास'चा शिक्का बसला. पास झाल्याचं बक्षीस म्हणून तेच सगळं पुढे तीन वर्षं सोसायचं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही सहा भावंडं एका खोक्यातून समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात आलो. तिथल्या पक्षीवाल्या बाईंना कुरव, म्हणजे किनाऱ्यावरचे सीगल पक्षी, कोणत्या ऋतूत कुठे जातात ते शोधायचं होतं. आम्हाला पक्ष्याच्या पाठीवर बांधायचं, शाळेच्या दप्तरासारखं. त्यासाठी मऊ पट्टे हवे होते. पाच पट्टे बाईंनी स्वतः शिवले. सहाव्याच्या वेळी बोटात सुई घुसली, म्हणून माझा पट्टा त्यांच्या मावशींकडे गेला. मावशींनी चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलेलं.

"छातीवरचा हा सांधा तेवढा सुती दोऱ्याने कच्चा घाल हं, मावशी," असं सांगून बाई कामाला पळाल्या.

बाईंच्या मनात होतं ते असं, की ऊन आणि खारं पाणी खाऊन सुती दोरा दोनेक वर्षांत कुजावा, पट्टा सुटावा आणि पक्षी मोकळा व्हावा. पण मावशींच्या मनात त्यांचं दुकान होतं. शिवणाऱ्या माणसाला कच्चा टाका म्हणजे माप बघण्यापुरता. पुढे पक्का घालायचा असतो म्हणूनच तो घालायचा. मावशींनी सुती दोऱ्याने कच्चं घातलं, माप पाहिलं, मग पांढऱ्या नायलॉनने दुहेरी शिवण मारली आणि कच्चा दोरा ओढून फेकून दिला.

"पक्कं करायचं सांगायला विसरली वेंधळी," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तो हलला नाही. बाईंनी नंतर पाहिलं तेव्हा दोरा सुतीसारखा पांढराच दिसला.

मी बसलो तो केंद्रासमोरच्या बेटावर घरटं करणाऱ्या एका मादीच्या पाठीवर. तिच्या पायात पिवळं कडं होतं, म्हणून सगळे तिला पिवळी म्हणत. पहिले दोन दिवस तिने मला चोचीने ओढून पाहिलं, मग नाद सोडला. दिवस लहान होऊ लागले तशी ती बेटावरून उठली आणि किनारा धरून निघाली. नद्यांची मुखं, मिठाचे वाफे, एक मोठं तळं. मला वाटलं, आता काहीतरी भव्य बघायला मिळणार. पण हिवाळ्याचे चार महिने राणीसाहेबांनी मुक्काम ठोकला तो एका शहराच्या कचरा डेपोवर. ऊन वाढलं तशी ती त्याच वाटेने पुन्हा बेटावर आली. त्याच दगडाशेजारी, त्याच जोडीदाराकडे.

केंद्रात काय चाललं होतं ते मला पुढे याच खिडकीत कळलं, कारण मावशी आल्यागेल्या प्रत्येकाला ते सांगतात. बाईंच्या नकाशावर माझा एकेक ठिपका पडायचा आणि मावशी चष्मा सरसावून विचारायच्या, "कुठवर गेली आपली?" जशी काही सासरी धाडलेली लेक.

दोन वर्षं झाली आणि माझी भावंडं एकामागून एक गळून पडली. ठरल्याप्रमाणेच. तिसऱ्या वर्षी पिवळी दक्षिणेला निघाली तरी मी तिच्या पाठीवर होतोच.

"हीच कशी सुटत नाही?" बाई नकाशाकडे बघत म्हणाल्या.

"सुटेल कशी?" मावशी खुशीत म्हणाल्या. "टाका माझ्या हातचा आहे. कच्चं घालून, पक्कं करून दिलंय."

बाई खुर्ची ओढून बसल्या म्हणे. मग त्यांनी समजावून सांगितलं. सांधा तुटला नाही तर पिवळी मला जन्मभर वाहणार. प्रवासाआधी पक्षी खाऊन खाऊन जाड होतात, तेव्हा पट्टा काचतो. कुठे तारेत अडकला तर संपलंच.

"मग आण तिला परत."

"मावशी, ती काय रिक्षाने गेलीय? उन्हाळ्यात आपण होऊन येईल तेव्हाच."

तो हिवाळा मावशींनी नकाशासमोर काढला. एकदा वादळात पिवळी एका बंदराच्या भिंतीआड बसून राहिली आणि माझा ठिपका चार दिवस एकाच जागी दिसत राहिला. चारही दिवस मावशींनी घरी सुई हातात धरली नाही. पाचव्या दिवशी ठिपका हलला. मला तिकडे यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला इमानेइतबारे पत्ता कळवत होतो.

ती बेटावर आली. आता तिला धरायचं होतं. पण एकदा सापळ्यात सापडलेली मादी पुन्हा सहजी फसत नाही. बाईंनी घरट्यातली अंडी उबदार डब्यात ठेवली, त्यांच्या जागी लाकडी अंडी मांडली आणि वर दोरीने पिंजरा उचलून धरला. दोन दिवस पिवळी पिंजऱ्याभोवती फिरली आणि दुरूनच ओरडली. अर्ध्या तासाच्या वर तिला अंड्यांपासून दूर ठेवायचं नाही, असा नियम. दोन्ही दिवस बाई हात हलवत परतल्या. पिल्लं फुटायची वेळ आली होती, त्यानंतर धरायला जाता येणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावशी होडीत बसल्या. पाण्याची त्यांना भयंकर भीती.

"आजी, डोळे मिटून बसलात तर बेट दिसायचं कसं?" नावाड्याने विचारलं.

"तू नीट बघ म्हणजे झालं. मला टाका उसवायचाय, बेट बघायचं नाहीये."

दगडाआड पंचवीस मिनिटं गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पिंजरा आवरायला उठू लागल्या. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. अजून पाच आहेत ना? मान वळवून बघतेय बघ ती. मापाला आलेल्या बाया अशाच करतात, आरशाशी यायच्या आधी."

पिवळी एक पाऊल आत आली, थांबली, मग सरळ जाऊन अंड्यांवर बसली. बाईंनी दोरी सोडली, पिंजरा पडला.

बाईंनी तिला कुशीत घट्ट धरलं. मावशींनी टाके उसवायची बारीक सुरी काढली आणि पिसं बाजूला सारली. तीन वर्षांपूर्वीची ती शिवण तशीच होती, एक टाकासुद्धा ढिला झाला नव्हता. पिवळीने त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला.

"चाव, चाव," मावशी म्हणाल्या. "तुझा हक्कच आहे तो."

एक टाका कापला गेला, मग दुसरा. पट्टा ढिला झाला आणि मी मावशींच्या ओच्यात पडलो. बाईंनी फुंकर मारून पिसांखाली पाहिलं. कातडी घासून थोडी लाल झाली होती, पण जखम नव्हती. "बरी आहे," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "अगदी बरी आहे गं." मावशी दगडावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि मगच आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. खरी अंडी घरट्यात परत गेली. पिवळी उडाली, आम्हा सर्वांना भरपूर शिव्या घातल्या, आणि होडी निघायच्या आत अंड्यांवर येऊन बसली.

त्यानंतर मी इथे, केंद्राच्या खिडकीत आहे. काचेवर थोडे चरे पडलेत, तार वाकली आहे. ऊन आलं की अजून जागा होतो आणि खिडकीचा पत्ता वर कळवतो. माझं एखादं भावंड तुम्हाला वाळूत सापडलं तर खेळणं समजून फेकू नका. पोटावर पत्ता असतो, तेवढं पोचतं करा. त्याने जे पाहिलं ते अजून त्याच्या आत असतं.

परवा बेटावरचे पक्षी पुन्हा निघून गेले. मावशी नेहमीसारख्या नकाशापुढे उभ्या राहिल्या.

"आता कुठे असेल गं आपली?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि चहा गाळायला घेतला.

इतकी वर्षं पत्ते कळवण्यात गेली, पण हे उत्तर ऐकून मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. ती कुठे आहे ते मलाही माहीत नाही.