सत्कारमूर्ती आर्चिबाल्ड

मुलगा गुणी आहे, कमावता आहे, दारू बेतानेच पितो, हे सगळं श्रीरंगरावांना मान्य होतं. पण घराण्याचं काय? लेक रुचाने आपल्या डंकनला अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या घरी आणलं तेव्हा तो वाकून पाया पडला होता. पण पाया काय, शिकवलं की कोणीही पडतं.

"घराणं कळल्याशिवाय माझा होकार नाही," त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, ते प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिश्चन आहेत. त्यांच्यात गोत्रबित्र नसतं."

"पंथाचं नाव एवढं लांबलचक आहे, म्हणजे मागे काहीतरी असणारच."

"तुमचे पणजोबा मूळचे कुठले, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?" अहिल्याबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

"आपलं सिद्धच आहे. सिद्ध गोष्टी तपासत नाहीत."

श्रीरंगराव पुण्यात महसूल खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात जुनी दफ्तरं वाचण्यात गेलेली. डंकनचा मूळपुरुष आर्चिबाल्ड, स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातला विणकर, तिथून जहाजाने अमेरिकेत आला, एवढं डंकनला ठाऊक होतं. त्या खेड्यातल्या चर्चचा कारभार वडीलधाऱ्या पंचांच्या हाती असे, आणि पंचांच्या बैठकांची टिपणं आता इंटरनेटवर होती. बाहेर बर्फ पडत राहिला आणि श्रीरंगराव गोधडी पांघरून अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी लावत बसले.

आणि सापडला. आर्चिबाल्डला सलग तीन रविवार सगळ्या गावासमोर उंच आसनावर बसवण्यात आलं. चर्चतर्फे त्याच्या अंगावर वस्त्र घालण्यात आलं. धर्मगुरूंनी त्याला उद्देशून प्रदीर्घ भाषण केलं. शेवटी आर्चिबाल्डने गरिबांच्या पेटीत रक्कम टाकली.

श्रीरंगरावांचे डोळे पाणावले. उंच आसन, अंगावर शाल, वक्त्याचं न संपणारं भाषण, वर सत्कारमूर्तीकडूनच देणगी. नारळ तेवढा नव्हता. पण स्कॉटलंडात नारळ आणणार कुठून?

"सत्कार कशाबद्दल?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"पूर्वोक्त कारणास्तव, असं लिहिलंय."

"मग मागचं पान बघा की."

"अगं, पूर्वोक्त लिहिलंय म्हणजे कोणीतरी बघितलेलंच असणार." याच तत्त्वावर त्यांनी तीस वर्षं सह्या केल्या होत्या.

"एवढा मान मिळत होता, तर गाव कशाला सोडलं त्याने?"

"कर्तबगार माणसं देश सोडतातच. तुझी मुलगी नाही का आली?"

त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकूर गेला: 'घराणं मी स्वतः तपासलं आहे. अव्वल. मूळपुरुषाचा तीन वेळा जाहीर सत्कार. विवाहास आमची संमती आहे.' पुण्यापासून नागपूरपर्यंत अंगठे उठले.

पुढच्या रविवारी डंकन आपल्या आजीला, एल्स्पेथबाईंना, घेऊन चहाला आला. श्रीरंगरावांनी सगळा वृत्तांत इंग्रजीत उभं राहून वाचला. एल्स्पेथबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि चकलीचा तुकडा तोडला.

"ते पश्चात्तापाचं स्टूल," त्या म्हणाल्या. "गावाने बघावं म्हणून उंच असायचं. वस्त्र गोणपाटाचं. आणि गरिबांच्या पेटीत गेला तो दंड."

"कसला दंड?" श्रीरंगराव अजून उभेच होते.

"जेनेट नावाची मुलगी होती. बाळ आधी झालं, लग्न नंतर. त्याच बाळाचे आम्ही सगळे वंशज. हे खारं फार छान झालंय, यात काय घालता?"

"तीळ," अहिल्याबाई म्हणाल्या आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

पाहुणे गेल्यावर श्रीरंगरावांनी मागचं पान उघडलं. कारण तिथे स्वच्छ अक्षरात होतं, जेनेटच्या नावासकट. रुचा दाराशी उभी होती.

"बाबा, आता कॅन्सल करणार का तुम्ही?"

"करावंच लागेल," ते म्हणाले. "असलं घराणं. लोकांना मी काय तोंड दाखवू?"

"करा की," अहिल्याबाई म्हणाल्या. "ग्रुपवर लिहा, 'माझ्या वाचण्यात चूक झाली.' मी चष्मा देते."

श्रीरंगरावांनी फोन उचलला. 'माझ्या' लिहिलं. 'वाचण्यात' लिहिलं. पुढच्या शब्दाशी बोट अडलं. एका पारड्यात जावयाच्या घराण्याचा अडीचशे वर्षांचा कलंक होता. दुसऱ्या पारड्यात तो एक शब्द होता, तोही स्वतःच्या नावाखाली, पुण्यातल्या माणसांच्या देखत. त्यांनी दोन्ही शब्द पुसले.

"तसं बघितलं तर," ते घसा साफ करत म्हणाले, "त्याने तिच्याशी लग्न केलंच की. शब्दाचा पक्का माणूस."

रुचाने श्वास सोडला. तेवढ्यात पुण्याहून अहिल्याबाईंच्या भावाचा, राजारामचा फोन आला.

"भाऊजी, अभिनंदन. वाचून भारावलो बघा. मी लग्नाला येणारच आहे, तर म्हटलं, त्यांच्या चर्चमध्ये अजून होतात का हो असे सत्कार? म्हणजे, मुलीचा मामा म्हणून... नुसतं विचारून ठेवा."

अहिल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. श्रीरंगरावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"नाही रे राजाराम," ते खिन्नपणे म्हणाले. "बंद पडली ती प्रथा. तेवढ्या लायकीची माणसं उरली नाहीत."