मयुरीची मोरपंखी साडी

मित्रांनो, मी शिंप्याची कैची. वयाने जुनी, अंगाने जड. मुठीवरचा काळा रंग कधीच उडून गेला आहे. पुस्तकात मला कात्री म्हणतात, पण चंद्रपूरकडच्या गोंडपिपरीत त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका भट्टीत झाला. तापून लाल झालेलं लोखंड ठोकून कारागिरांनी माझी दोन पाती घडवली आणि मधे स्क्रू बसवला. गफ्फारभाऊ टेलरनी मला नागपूरच्या बाजारात उचललं, दोनदा उघडून मिटलं, कानाशी आवाज ऐकला आणि पसंत केलं. मग गोंडपिपरीच्या बसस्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात माझी नोकरी सुरू झाली. जून आला की शाळेच्या गणवेशांचा ढीग पडायचा. लग्नसराईत नवरीच्या ब्लाऊजपासून नवरदेवाच्या कोटापर्यंत सगळं माझ्याखालून जायचं. "गफ्फारभाऊच्या हातचा शर्ट फाटते, पण उसवत नाई," असं गिऱ्हाइकं म्हणायची. ते ऐकून मला वाटायचं, त्यात थोडं माझंही कौतुक आहे.

पुढे बाजारात तयार कपड्यांची दुकानं आली. लोक आमच्याकडे फक्त पँट आखूड करायला येऊ लागले. गफ्फारभाऊंची नजरही मंद झाली. दुकान बंद झालं आणि मी घरातल्या खुंटीला लटकले. त्यांची बायको जरीनाचाची मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून तिने मुलींना शिवणकाम शिकवायला सुरुवात केली. तिथेच मला दिव्यानी भेटली.

दिव्यानी जवळच्या खेड्यातली. घरी धानाची शेती. कॉलेज सुटलं की बस येईपर्यंत ती चाचीकडे येऊन बसायची. तिच्या अंगावर कायम चंद्रपूरच्या मामेबहिणीचे जुने ड्रेस असायचे. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या. तिने कधी तक्रार केली नाही. पण पहिल्यांदा जुन्या चादरीचा कुर्ता शिवून तिने अंगात घातला, तेव्हा ती आरशापुढून हलेचना. दोन्ही हात वर करून बघितले, खाली वाकून बघितलं. "चाची, खांदा खांद्यावर आला!" ती म्हणाली. एवढीशी गोष्ट, पण तिचा चेहरा असा उजळला होता की चाचीने त्याच दिवशी मला खुंटीवरून काढून तिच्या हाती दिलं.

"घेऊन जा बेटा. इथी गंजून राह्यली. तुया हाताले बसते ते."

मी दिव्यानीच्या घरी आले. ती घरी कापड बेतायची, कापायची आणि चाचीच्या मशीनवर शिवायची. कापताना ती श्वास रोखून धरायची. मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

दिव्यानीच्या शेजारी शकुबाई राहायची. दिव्यानीच्या आईची, मीराबाईची, ती जिवाभावाची मैत्रीण. धान कापून झालं की शकुबाई आपल्या मुलीला, मयुरीला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात जायची. मयुरी आणि दिव्यानी दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या होत्या. पुढे दिव्यानी कॉलेजात गेली, मयुरी मिरचीत. त्या वर्षी निघताना शकुबाईने आपली पत्र्याची पेटी मीराबाईच्या घरात आणून ठेवली.

"मीरा, घरात उंदरं लय झाले वो. तुयाकडे राहू दे. चावी पण ठेव."

"निघ तू बिनघोर," मीराबाई म्हणाली.

काही दिवसांनी मीराबाईने दिव्यानीला पेटीत डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या आणि ती शेतावर गेली. दिव्यानीने झाकण उघडलं. कपड्यांच्या तळाशी एक साडी होती. मोरपंखी रंगाची, बारीक जरीच्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली. तिने ती नुसती खांद्यावर टाकून पाहिली. कॉलेजचं गॅदरिंग तोंडावर आलं होतं. साडीच्या कडेला तिला एक छिद्र दिसलं. पेटीत ठेवण्याआधीच उंदराने कुरतडलं असावं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

"खराबच झाली आता," ती पुटपुटली. "नेसता तं येतच नाई. आल्यावर सांगून देऊ मावशीले."

मित्रांनो, तिने मला हातात घेतलं तेव्हा तिचा हात थरथरत होता. मला ते कळलं. पण कैचीला बोलता येत नाही. तिने मुठी दाबल्या आणि मी चालत गेले. कापड इतकं मऊ होतं की माझा आवाजसुद्धा झाला नाही.

ड्रेस फार सुंदर झाला. काठ गळ्याला आणि बाह्यांना लावला, बाजूला खिसा ठेवला. कापड कुठलं असं चाचीने विचारलं तेव्हा दिव्यानी म्हणाली, "आईची जुनी साडी आहे." आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "चाचीनं देल्लं." गॅदरिंगच्या दिवशी मुलींनी तिला घेरलं. कुठून घेतला, कितीला घेतला, असं विचारत राहिल्या. "मीच शिवला," हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. मी तिच्या पिशवीत होते, सगळं ऐकत होते. इतका आनंद मी क्वचितच पाहिला आहे.

पण घरी येऊन ड्रेस काढताना तिची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली. तिने ड्रेसची घडी केली आणि गादीखाली सरकवली. त्यानंतर तो तिने एकदाही घातला नाही. शेजाऱ्यांचे ब्लाऊज शिवायला आले तरी तिचं मन लागेना. गावात कोणी मिरचीतल्या बायांची गोष्ट काढली, की ती उठून आत जायची. रोज ती स्वतःला सांगायची, त्या आल्या की पहिल्यांदा हेच बोलायचं.

होळीच्या आधी त्या आल्या. शकुबाई काळवंडली होती. मयुरीच्या बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. चहा झाला. दिव्यानी कपबशा गोळा करत राहिली. शकुबाईने ओसरीवर पेटी उघडली, एकेक कपडा बाहेर काढला आणि थांबली.

"मीरा, याच्यात एक साडी होती. मोरपंखी, बारीक जरीच्या काठाची. मागच्या साली तिकडूनच आणली होती. मयुरीच्या साक्षगंधासाठी."

मयुरी लाजली. तिचं स्थळ जमलं होतं, साखरपुडा ठरला होता, ते सांगायचंच राहिलं होतं.

मीराबाईने हळूच दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानीने मान खाली घातली. आईला सगळं कळलं. मी भिंतीवरच्या खिळ्याला होते. मीराबाईच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"नाई वो शकू," ती म्हणाली. "तशी साडी मी पाह्यलीच नाई."

"मंग उंदरानं नेली काय?"

शकुबाईने कपडे पुन्हा भरले. पेटी डोक्यावर घ्यायला मीराबाई हात लावू लागली, तर तिने तो बाजूला केला. मायलेकी निघून गेल्या.

मीराबाई दिव्यानीला रागावली नाही, हातही उगारला नाही. चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "लहानपणापासून शकूले मी खोटं नोती बोलली. आज तुयापायी बोलली." त्या दिवशी घरात दोघी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी दिव्यानीने ड्रेस, उरलेला पदर आणि मला पिशवीत घातलं आणि ती शकुबाईच्या अंगणात गेली. मयुरी मोहाची फुलं वाळत घालत होती. शकुबाई दारात बसली होती.

"मावशी, साडी मी कापली. आईले आधी माहीत नोतं. ते माह्यासाठी खोटं बोलली."

तिने ड्रेस पुढे ठेवला. शकुबाई बघत राहिली.

"उंदरानं कुरतडली होती, म्हणून मले वाटलं..."

"कुठी?" मयुरीने विचारलं.

"काठाजवळ," म्हणत दिव्यानीने बोटाच्या पेराने माप दाखवलं.

"एवढ्याशा छिद्रापायी?" मयुरीचा आवाज चढला. "काठाजवळ होतं. निऱ्यांत लपलं असतं."

शकुबाईने ड्रेस उलटा केला. आतल्या शिवणींवरून बोट फिरवलं. "टाके तं चांगले घातले," ती हळू आवाजात म्हणाली. त्यापेक्षा तिने दोन थपडा दिल्या असत्या तर दिव्यानीला बरं वाटलं असतं. तिला रडू फुटलं.

"मयुरी, मी उसवतो. तुया मापाचा करून देतो."

"तू हात नको लावू त्याले," मयुरी म्हणाली. मोहफुलांनी चिकट झालेले हात तिने धुतले, पुसले. मग ड्रेस उचलला. "मले दाखव कसं करतात ते. मीच शिवतो."

दोघी बसने चाचीकडे गेल्या. दिव्यानीने चाचीलाही खरं सांगितलं. चाचीने मला पिशवीतून काढलं. "माह्या कैचीनं?" एवढंच ती बोलली आणि ओढणीच्या टोकाने माझी पाती पुसत राहिली. माझ्यावर डाग नव्हता, तरी ती पुसत होती. मी खुंटीवर गंजून जायला हवं होतं, असं त्या क्षणी मला वाटलं.

मग मयुरी रोज येऊ लागली. सुरुवातीला तिच्या शिवणी सापासारख्या जायच्या. ती स्वतःच उसवायची, पुन्हा घालायची. सोललेल्या बोटांना सुई टोचली की ओठ आवळायची. दिव्यानी शेजारी बसून दोरा ओवून द्यायची, विचारलं तेवढंच सांगायची. एके दिवशी एक शिवण सरळ गेली. मयुरीने कापड उजेडात धरलं आणि खुदकन हसली. दिव्यानीही हसली, पण लगेच ओशाळून थांबली.

"हस ना," मयुरी म्हणाली. "काऊन थांबली?"

साक्षगंधाच्या दिवशी हारांचे दोरे कापायला मलाही तिथे नेलं होतं. मयुरी तो ड्रेस घालून पाटावर बसली. पदराची तिने ओढणी केली होती. जिवती गावाहून आलेल्या नवरदेवाकडच्या पाहुण्यांतल्या एका बाईने तिची बाही चाचपून विचारलं, "कोण्या टेलरकडचा आहे वो?"

"मी शिवला," मयुरीने सांगितलं. तिची मान ताठ झाली होती.

दिव्यानी पाहुण्यांना पाणी देत होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही, आणि तेच बरोबर आहे असं तिला वाटलं. तिला आनंद झाला होता. तरी तिच्या डोळ्यांपुढे अख्खी साडी नेसलेली मयुरी येत होती. ती मयुरी आता कोणालाच दिसणार नव्हती.

मागच्या अंगणात वरणाच्या पातेल्यापाशी मीराबाई शकुबाईजवळ गेली. "शकू, त्या दिवशी मी खोटं बोलली."

"तुया तोंडावरच दिसलं होतं मले," शकुबाई म्हणाली. "तू येऊन सांगशील म्हणून वाट पाहून राह्यली होती. इतके दिवस लावले." तिने डोळे पुसले आणि पळी मीराबाईच्या हाती दिली. "घे, वाढ. पंगत बसली."

मयुरीच्या लग्नात दिव्यानीने मला धार लावून तिच्या हातात दिलं. आता मी जिवतीच्या डोंगरावर मयुरीच्या घरी आहे. आजूबाजूच्या मुली तिच्याकडे शिवण शिकायला येतात. आपल्या हाताने शिवलेलं पहिलं कापड अंगात घालताना त्यांचे चेहरे फुलतात, ते बघायला मला फार आवडतं. दिव्यानी कधी कधी येते. दोघी गप्पा मारतात, हसतात. पण बोलता बोलता मयुरीचा तो ड्रेस समोर आला, की दिव्यानी अजूनही नजर दुसरीकडे वळवते.

मित्रांनो, तुम्ही जरूर शिवायला शिका. अंगाला नीट बसणारा, आपल्या हातचा कपडा घालण्यासारखं सुख थोडं असतं. पण ज्याचं कापड असेल, त्याला आधी विचारा. तुमचा हात थरथरला, तर मला बाजूला ठेवा. मला फक्त पुढे चालता येतं. कापलेलं जोडायला मी मागे येऊ शकत नाही.