सहाशे बारा डब्यांचं दुकान

शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं ते दुकान जेमतेम दहा फूट रुंद होतं आणि त्यात पत्र्याचे सहाशे बारा डबे होते. डबे मोजले होते धाकटीने. तिच्या बाबांनी, म्हणजे मिस्त्रींनी, ते कधीच मोजले नव्हते, कारण त्यांना ते तोंडपाठ होते. गिऱ्हाईक नीट तोंड उघडायच्या आत मिस्त्रींचा हात वर जायचा आणि डबा खाली यायचा. मागायची रीतही या दुकानाची स्वतःची होती. ज्याने एखादी वस्तू पहिल्यांदा मागितली, त्याच्या नावावर ती जन्मभर. बहिऱ्या मास्तरांची स्प्रिंग, दोघा भावांचा पट्टा, भांडकुदळ बाईंचा स्क्रू. बहिरे मास्तर जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्यांची स्प्रिंग अजून रोज दोन तरी खपायची.

अलीकडे मिस्त्रींचा हात चुकू लागला होता. आठवड्यातून एकदा तरी ते शिडीवर उभे राहून डब्यांकडे नुसतेच बघत राहायचे आणि खाली उतरून गिऱ्हाइकाला सांगायचे, "संपलंय." संपलेलं नसायचं. हे धाकटीला कळत होतं, दुकानातच काम करणाऱ्या तिच्या आत्याला कळत होतं आणि मिस्त्रींना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. म्हणून एका सकाळी त्यांनी जाहीर करून टाकलं की या महिनाअखेरीला दुकान बंद. शेजारचा चष्मेवाला जागेवर डोळा ठेवून बसलेलाच होता.

"मी चालवीन ना बाबा," धाकटी म्हणाली. सहा वर्षं ती गल्ल्यामागे उभी होती आणि तिला दुसरं काहीही करायचं नव्हतं.

मिस्त्रींनी कपाळावर बोट टेकवलं. "दुकान इथे आहे. हे काय तुला काढून देऊ?"

धाकटी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा खाकी कागद चिकटवला आणि त्यावर दुकानाच्या सुधारणेचा आराखडा काढला. सगळ्यात वर कॉम्प्युटर, त्याखाली स्कॅनर, त्याखाली लेबलं छापायचं मशीन. मग एक कॉम्प्युटरवाला आला. त्याने तीन दिवस बसून, अगदी वरची फळी तेवढी सोडून, प्रत्येक वस्तूचा कंपनीचा नंबर भरला आणि प्रत्येक डब्यावर लेबल लावलं. गुळगुळीत जागा बघून त्याने लेबलं लावली झाकणांवर, आणि धाकटीही ती हौसेने चिकटवत बसली.

तिथेच माशी शिंकली. सगळे डबे एकाच घडणीचे, कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसायचं. मिस्त्री आणि आत्या चाळीस वर्षं चार-चार डबे एकदम खाली काढत आले होते. हवं ते मिळालं की हाताला येईल ते झाकण लावून डबे परत वर जायचे. आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण झाकणाकडे बघत होतं कोण? दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी स्कॅनर म्हणाला सुया, आणि डब्यातून निघाले स्क्रू. त्यात एका शिंपीणबाईंनी बहिऱ्या मास्तरांची स्प्रिंग मागितली. कॉम्प्युटरने बराच वेळ शोधल्यासारखं केलं आणि अशी वस्तूच नाही म्हणून हात वर केले.

मिस्त्री रागावले असते तर बरं झालं असतं. "झालं समाधान?" एवढंच हळू आवाजात म्हणून ते घरी निघून गेले. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कॉम्प्युटरला बहिरे मास्तर माहीत नाहीत," आत्या सुयांच्या जागी निघालेले स्क्रू परत डब्यात भरत म्हणाली. "म्हणजे अगदीच नवखा आहे गं तो. आपण कुणालाही कामावर ठेवलं तर आधी चार लोकांची ओळख करून देतो. याला आल्याआल्या शिडीवर चढवलंस."

आत्याने हे चेष्टेत म्हटलं होतं, पण धाकटी तडक घरी गेली आणि तिने भिंतीवरचा कागद फाडला. नवा आराखडा तिने उलटा काढला. सगळ्यात वर लिहिलं, माणसं काय म्हणून मागतात. त्याखाली, कुठे ठेवलंय. कॉम्प्युटर अगदी तळाला. मग ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला पंधरा दिवस द्या. सोळाव्या दिवशी तुम्ही गल्ल्याबाहेर स्टुलावर बसायचं. दिवसभर एक शब्द बोलायचा नाही. दुकानात असलेल्या वस्तूसाठी एकही माणूस रिकाम्या हाताने परत गेला, तर किल्ल्या मीच चष्मेवाल्याला नेऊन देईन."

"मान्य," मिस्त्री म्हणाले. त्यांना वाटत होतं की पोरीची हौस फिटेल आणि विषय संपेल.

पंधरा दिवस धाकटीने जिवाचं रान केलं. लेबलं झाकणांवरून निघाली आणि डब्यांच्या पोटावर बसली. आत्या नावं सांगत होती, धाकटी भरत होती. एकाच पट्ट्याला चार-चार नावं निघाली, ती चारही तिने घातली. प्रत्येक वस्तू आलेखाच्या कागदावर ठेवून तिने फोटो काढला, म्हणजे माप फोटोतच दिसावं. शेवटी राहिले अगदी वरच्या फळीवरचे एकतीस डबे. एक जुना कारखाना बंद पडला तेव्हा मिस्त्रींनी तिथला सगळा माल उचलला होता. त्यातलं काही कुणी कधी मागितलं नाही, म्हणून त्याला नावही पडलं नाही. मिस्त्री त्यांना मुके डबे म्हणायचे आणि वर्षानुवर्षं त्यांना हात लावायचे नाहीत.

"ते राहू दे," आत्या म्हणाली. "दादालासुद्धा ठाऊक नाही त्यात काय आहे."

"म्हणूनच राहू द्यायचं नाही," धाकटी म्हणाली. दोन दिवस ती शिडीवर चढत-उतरत राहिली. नाव नव्हतं तिथे तिने दात मोजले, भोकाची रुंदी मोजली, लांबी मोजली आणि नुसती मापं भरली. गुडघे सुजले, पण एकही डबा तिने सोडला नाही.

सोळाव्या दिवशी मिस्त्री स्टुलावर बसले. तोंडून शब्द निघू नये म्हणून त्यांनी दातात पेन्सिल धरली होती. पहिल्या गिऱ्हाइकाने दोघा भावांचा पट्टा मागितला, आणि धाकटीने नाव टाकायचा अवकाश, चौथी फळी, नववा डबा. मग स्क्रू, मग सुया, मग बॉबिन. एकदा धाकटीचा हात शेजारच्या डब्यावर गेला तेव्हा मिस्त्री अर्धे उठले.

"दादा, बस खाली," आत्या म्हणाली. तेवढ्यात धाकटीने पोटावरचं लेबल वाचलं आणि हात स्वतःच सरकवला. दुपारपर्यंत पेन्सिल चावून चावून बारीक झाली होती, पण मिस्त्रींच्या कपाळावरची आठी गेली होती.

चारच्या सुमाराला गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचा सुपरवायझर धापा टाकत आला. त्याने रुमाल उलगडला. आत एक दातेरी चाक होतं, निम्मे दात मोडलेले.

"काजं करायच्या मशीनचं आहे. परवा शाळा उघडतायत आणि सगळ्या शर्टांना बटणं आहेत, काजं नाहीत. सहा दुकानं फिरलो. कंपनीने ते मशीन बनवायचंच बंद केलंय म्हणे."

"याला म्हणतात काय?"

"ते ठाऊक असतं तर तुमच्याकडे असा तोंड वासून आलो असतो का?"

मिस्त्रींनी हात पुढे केला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, बघायचं नाही असं नव्हतं. चाक त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि मान हलवली. आपल्याकडे नाही. धाकटीने त्याला इथेच वाटेला लावलं असतं तरी पैज तिचीच होती. मिस्त्रींनीच नाही म्हटल्यावर तिला कोण बोल लावणार होतं?

पण तिने चाक आलेखाच्या कागदावर ठेवलं. शाबूत दात मोजले, तेवढ्याच अंतराने मोडलेले धरले. बावीस. भोक आठ मिलिमीटर. ही मापं तिने कॉम्प्युटरला दिली आणि पडद्यावर दोन फोटो आले, दोन्ही अगदी वरच्या फळीवरचे. धाकटी शिडी चढली तेव्हा मिस्त्री उभे राहिले होते आणि त्यांना बस म्हणायचं आत्याही विसरली होती.

पहिल्या डब्यातल्या चाकाचे दात सरळ निघाले, मोडक्या चाकाचे तर तिरपे होते. दुसऱ्या डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेली चार चाकं होती. तिने एक काढून मोडक्या चाकावर ठेवलं. दातावर दात बसला.

सुपरवायझरने दोन्ही चाकं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग तो म्हणाला, "चारही द्या. मागाल ते देतो."

"दोन देते," धाकटी म्हणाली. "दोन इथेच राहू देत. पुन्हा मोडलं तर कुठे धावणार तुम्ही?"

सुपरवायझरने तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. आपल्या कारखान्यातल्या सगळ्या मशीनांचं काम यापुढे इथेच येईल असं सांगून तो आला तसाच धावत गेला. मिस्त्री धाकटीकडे बघत राहिले. चाक सापडलं ते कॉम्प्युटरमुळे, हे त्यांना दिसलं होतं. पण दोन चाकं मागे ठेवायचं शहाणपण कुठल्याही यंत्रात भरता येत नाही, हे दुकानात त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

नेमका तेव्हाच चष्मेवाला मोजपट्टी घेऊन आला. "मिस्त्री, भिंत मोजून घेऊ का? फर्निचरवाला घाई करतोय."

मिस्त्रींनी दातातली पेन्सिल काढली. दिवसभरातले त्यांचे ते पहिले शब्द होते. "मला काय विचारता? मालकीण तिकडे उभी आहे."

चष्मेवाला वळला. धाकटी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात काका. आम्हाला जागा कमी पडतेय. तुमच्याकडची एक भिंत भाड्याने मिळेल का?"

मिस्त्री इतके हसले की आत्याला त्यांना पाणी द्यावं लागलं. धाकटी मात्र पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि तो काय मागतोय ते मान खाली घालून ऐकू लागली. डोळे भरून आले होते, आणि मालकिणीने पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर रडायचं म्हणजे बरं दिसलं नसतं.