काळा स्पंज

इंदुताईंना प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत अन्न गोड लागत नसे. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि आता उलटतपासणीला बरकतपुऱ्याच्या घरातलीच माणसं उरली होती.

रविवारी सून मनीषा बाल्कनीत बादली घेऊन बसली. चिनीमातीच्या पोकळ नळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या, ती खळखळून धूत होती. पाणी दुधासारखं पांढरं होत होतं. इंदुताईंनी लगेच स्टूल ओढलं.

“हे कशाला गं?”

“माशांच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये घालायला, आई. आधी भुगा धुऊन काढायचा.”

“मग या पाणी गाळणार?”

“नाही. यांना बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून जे विष तयार होतं ना, ते जिवाणू खाऊन टाकतात.”

“आणि ते येणार कुठून? दुकानातून?”

“जुन्या स्पंजातून. महिनाभर नवं-जुनं शेजारी ठेवायचं.”

“अगं, म्हणजे विरजणच की!” इंदुताई खूश झाल्या. डोळ्यांना न दिसणारं हे बिऱ्हाड बघायला मिळावं म्हणून त्यांनी एक नळी चष्म्याजवळ धरलीसुद्धा. अर्थात काही दिसलं नाही.

मनीषाने टाकीतलंच तांब्याभर पाणी एका टोपात घेतलं आणि त्यात जुना, काळा स्पंज हलकेच एकदा पिळला. इंदुताईंच्याने ते बघवेना.

“असं काय धुतेस? नळाखाली धर की. आज मंजिरा नदीचं पाणी सोडलंय, कसं धो धो येतंय बघ.”

“नक्को, नक्को आई! त्या पाण्यात क्लोरीन असतं. सगळे जिवाणू मरतात. मग टाकीत विष साचतं आणि तीन-चार दिवसांत मासे खल्लास.”

इंदुताईंच्या हातातली नळी हातातच राहिली.

गेल्या दिवाळीत मनीषा ऑफिसला गेलेली असताना त्यांनी घर झाडून पुसून लख्ख केलं होतं. फिल्टरसुद्धा. चौथ्या दिवसापर्यंत पाचातले चार मासे गेले. मनीषाचे वडील वारल्यावर त्यांचे हे मासे तिने अंबरपेठेच्या माहेरून आणले होते; एवढीच त्यांची आठवण होती. आपणच खाणं जास्त घातलं, असं तिने धरलं. ‘माझ्या हाताला यश नाही’ म्हणून नवे मासे आणायचं नावही काढलं नाही. आजचा खटाटोप होता तो उरलेल्या एकासाठी.

प्रश्न सुटला होता. तो सुटला नसता तर बरं झालं असतं, असं इंदुताईंना जन्मात पहिल्यांदाच वाटलं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण समोर ती पोर इतक्या जपून स्पंज पिळत होती की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मनीषा, दिवाळीत हा मी धुतला होता. नळाखाली. एक डाग राहणार नाही इतका घासून.”

मनीषाचा हात थांबला. आता ही चिडणार, म्हणून इंदुताईंनी मान खाली घातली.

“म्हणजे... माझ्यामुळे नाही मेले ते?”

“नाही गं. माझ्यामुळे.”

मनीषाला रडूच फुटलं. “आठ महिने मी रोज बाबांची माफी मागतेय, आई.”

इंदुताईंनी तिचे ओले हात आपल्या हातात घेतले.

“तू थांबव आता,” त्या म्हणाल्या. “ती मी मागायची होती.”