लाल पट्टीचा पेन

बाळांच्या खोलीत एक रडायला लागलं की सगळीच सुरू व्हायची, पण त्यातलं आपलं कुठलं हे तिला बरोबर कळायचं. तिच्या आधी तिच्या छातीला कळायचं आणि गाऊन भिजून जायचा. ती उठून बसायची, आणि मग बसल्या बसल्या नुसती दाराकडे बघायची. कारण बाळ तिच्याकडे आणायचं नाही असं वॉर्डच्या सिस्टरनं ठरवून टाकलं होतं.

"सिस्टर, द्या ना हो त्याला. भूक लागलीये."

"बाटली दिलीये. पॉझिटिव्ह बाईचं दूध आम्ही देत नाही, सकाळीच सांगितलं."

"अहो, मी बरी झालेय! दोन वर्षांपूर्वी गोळ्या घेतल्या, माझ्या रक्तात आता तो विषाणू नाही. तुम्ही केलेली टेस्ट जन्मभर पॉझिटिव्हच येणार. आजार कधीतरी होऊन गेला, एवढंच ती सांगते. विषाणू आहे की नाही ते सांगणारी टेस्ट वेगळी असते. फाइलमध्ये आहे ती, उघडून बघा तरी!"

"म्हणजे आता तुम्ही आम्हाला शिकवणार."

"आणि असता, तरी दुधातून जात नाही तो. रक्तातून जातो."

सिस्टरनं उत्तरादाखल हातमोज्यांवर आणखी एक जोडी चढवली आणि मग तिचा रक्तदाब घेतला.

उशाशी बसलेल्या सासूबाईंना राहवलं नाही. "दोन दोन मोजे! जणू आमची सून म्हणजे चुलीवरची कढई."

खाटेच्या पायथ्याशी 'हिपॅटायटिस सी' लिहिलेली लाल पाटी लटकत होती. ती लागल्याबरोबर शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, जिला सगळा वॉर्ड खिडकीवाली म्हणायचा, दोघींच्या मधल्या टेबलावरचा आपला पाण्याचा जग उचलून खिडकीत नेऊन ठेवला होता.

हे सगळं तिचं एकदा सोसून झालं होतं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला गेली, आणि दोन दिवसांनी रक्तपेढीचा फोन आला. हिपॅटायटिस सी. तोवर तिला साधा थकवासुद्धा जाणवला नव्हता. कुठून आला म्हणून ज्यानं त्यानं विचारलं. रक्त चढवलेलं नव्हतं, गोंदवलेलं नव्हतं, कसलं व्यसन नव्हतं. नणंदेनं फोनवर "आम्ही काही म्हणत नाही हं" असं म्हणून जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. पाठीशी उभ्या राहिल्या त्या सासूबाई. तीन महिने रोज सकाळी गोळी हातावर ठेवून त्या समोर उभ्या राहायच्या. बरी झाली. पण आला कुठून, हा काटा तेवढा आत राहिला.

दुपारच्या जेवणाआधी शुगर तपासायची वेळ झाली. ही सगळी रांग गरोदरपणात साखर वाढलेल्यांचीच. सिस्टरच्या ट्रेमध्ये बोटाला टोचायचे दोन पेन होते. एकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली.

"हा खास तुमच्यासाठी," सिस्टर जाता जाता म्हणाली. "तुमचं शेवटी करते. बाकीच्यांना धोका नको."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कशावरूनही नजर काढून घ्यायची तिला सवयच नव्हती. थोरल्या लेकीच्या दुधाच्या बाटलीपासून रिक्षावाल्याच्या ब्रेकपर्यंत सगळ्यावर पहारा ठेवणारी बाई ती; नवरा तिला घरचा सीसीटीव्ही म्हणायचा. ती ट्रेकडे बघत राहिली. दारापासच्या खाटेवर पेन टक्कन वाजला. रक्ताचा थेंब शुगर मोजायच्या पट्टीवर घेतला, पेनाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. पुढच्या खाटेवर पुन्हा टक्क. तोच पेन. आत तीच सुई.

आणखी एक खाट. टक्क.

पेन खिडकीवालीपर्यंत आला आणि इकडे हिच्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "सुई बदलली नाहीत तुम्ही!"

"स्पिरिटनं पुसते की. आणि यांना काय झालंय? निगेटिव्ह आहेत सगळ्या."

"कधी तपासलंत यांना?"

"नाव घातलं तेव्हा. सगळ्यांचीच होते टेस्ट."

"मीही निगेटिव्ह होते!" तिचा आवाज फाटला. "थोरलीच्या वेळी इथंच नाव घातलं, टेस्ट निगेटिव्ह आली. मग शुगर वाढली म्हणून याच रांगेत पडून होते मी. असाच पेन फिरायचा. तेव्हा तर लाल पट्टीही नव्हती."

ती थांबली. बोलता बोलता आतला काटा तिच्या हाताशी आला होता.

"माझ्या आधी कुणाला टोचला होता तो, सिस्टर? तीही निगेटिव्हच असेल ना तुमच्याकडे? मला एकटीला वेगळा पेन दिलात आणि वाटलं, झालं, उरलेल्या सगळ्या स्वच्छ! म्हणून एक सुई सगळ्यांना! अहो, वेगळी सुई प्रत्येकीला लागते!"

"उगाच बायकांना घाबरवू नका," सिस्टर म्हणाली. "हं, बोट द्या तुम्ही."

खिडकीवालीनं हात पुढे केलेलाच होता. तिनं तो मागे घेतला आणि मूठ चादरीखाली घातली.

"आधी नवीन सुई."

"तुम्हीपण?"

"मीपण."

पलीकडची, जिला अजून टोचायचं राहिलं होतं, तिनंही हात काखेत दाबला. दारापासची मघाच टोचून झालेली आपल्या बोटाकडे बघत रडायला लागली. सिस्टर पेन हातात धरून वॉर्डच्या मधोमध उभी राहिली. टोचून घ्यायला बोटच नव्हतं. शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

त्या आल्या, उभ्या उभ्या फाइल चाळली. "हो की. विषाणू नाहीये यांच्यात. आधी नाही का सांगायचं?"

"सकाळपासून दुसरं काय करतेय मी?"

"बरं, बरं. आणा बाळाला. आणि सिस्टर, सुया नव्या काढा." मग आवाज खाली करून त्या तिच्याजवळ वाकल्या. "पण हे बाहेर नको बोलायला. लोक उगीच घाबरतात."

"घाबरू देत की," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमची सून वर्षभर सगळ्यांचे टोमणे खात होती, तेव्हा हळू बोला म्हणून कुणी वाकलं नाही."

बाळ आलं. लालबुंद, चिडलेलं. दोन-तीनदा तोंड इकडेतिकडे मारून त्यानं पकडलं, आणि ती कळवळून हसली. पण डॉक्टरीणबाई वळलेल्या दिसताच तिचं हसू मावळलं.

"डॉक्टर, ज्यांना टोचून झालंय त्यांचं काय? आजच्या, कालच्या, घरी गेलेल्या? त्यांना कोण बोलावणार?"

"बघू."

"बघू नाही. लवकर कळलं तर गोळ्यांनी बरं होतं हे. कळलंच नाही तर आतल्या आत लिव्हर खातं."

"माझी टेस्ट करा," खिडकीवाली म्हणाली. "आज, आणि नंतर सांगाल तेव्हा पुन्हा."

"माझीही," दारापासून रडका आवाज आला.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. "नावं घ्या सगळ्यांची," त्या सिस्टरला म्हणाल्या, आणि भरभर निघून गेल्या. जाताना त्यांचा धक्का लागून लाल पाटी हलली. काढली मात्र कुणी नाही. शेवटी सासूबाईंनीच ती ओढून खाटेखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

खिडकीवाली हळूहळू उठली. जग उचलून पुन्हा मधल्या टेबलावर ठेवला आणि पेला भरून तिच्यापुढे धरला.

"पाणी प्या. अंगावर पाजताना तहान लागते."

तिनं पेला घेतला. बाळ पीत होतं, तीही प्याली. नजर मात्र पेल्याच्या काठावरून ट्रेवर होती. सिस्टर नव्या सुयांचं पाकीट फोडत होती.