टाके आहेत, हसवू नका

बाबांना हसवायचं नाही, हा हुकूम खुद्द बाबांचाच. चाळीस वर्षं न्हाव्याचं काम केलं, दुकानात दिवसभर खिदळणं चालायचं. पण वस्तरा गालाला लागला की सगळे गप्प. हसला की कापला, हा त्यांचा नियम. आता पोटावर वीतभर टाके पडले, तर तोच नियम त्यांनी स्वतःला लावला. भेटायला आलेल्या दोस्तांना हाकलून दिलं. हसायचं नाही, खोकायचं नाही, श्वाससुद्धा चोरून घ्यायचा.

व्हायचं तेच झालं. छातीत कफ साचला. व्यायाम करून घेणाऱ्या बाई सकाळी माझ्यावरच उखडल्या. "अहो, हसवा त्यांना! हसलं की श्वास खोल जातो, कफ सुटतो. उशी पोटाशी धरा, टाक्यांना काही होत नाही." बाबांनी डोळे मिटून घेतले. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं!

ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. दुपारी चारपर्यंत वाढला नाही तर अतिदक्षता विभागात नेऊन मास्कचं मशीन लावणार होते. मी एक विनोद सांगायला घेतला आणि शेवटच आधी सांगून बसले. दुसरा आठवेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. सत्त्याऐंशी.

अडीचला सिस्टर म्हणाल्या, "दाढी करून ठेवा, मास्क घट्ट बसायला हवा." न्हाव्याची लेक असून मी जन्मात कुणाची दाढी केलेली नाही. गाल कसेबसे जमले. नाकातली नळी सांभाळत ओठावर आले आणि घात झाला. अर्धी मिशी साफ!

"अगं बाई!" मी किंचाळले. बाबांनी आरशासाठी हात पुढे केला. मी मोबाइलचा कॅमेरा समोर धरला. ते बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी धावत उशी घेऊन पोटाशी दाबली.

"आई गं... मेलो... कुणाकडे शिकलीस गं, मूर्खे?" म्हणत ते हसत सुटले. हसता हसता खोकले, भांड्यात कफ पडला, पुन्हा हसले. एकोणनव्वद. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. मला माझा बाप हवा होता, मिशी गेली खड्ड्यात.

चारला डॉक्टर येऊन गेले. आजचं मशीन टळलं, उद्या पुन्हा बघू म्हणाले. मी रेझर उचललं. "थांबा, दुसरी बाजूही काढून टाकते. कसंतरीच दिसतंय."

बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. उद्याही हसायचंय मला."